हलक्या डबल रायफलसाठी ८×५७ आयआरएस घ्यावं की ९.३×७४ आर?

तुम्ही जर्मनीत रानडुकरांच्या हाक्यासाठी सव्वातीन किलोच्या आसपासची डबल रायफल (शेजारी-शेजारी दोन नळ्यांची) बघताय आणि या दोनांतलं कुठलं काडतूस घ्यावं असं विचारलंय. मी पण इथंच शिकारीचं लायसन काढलं, आधी काही वर्षं ९.३ वापरली, आता ८×५७ वर आहे, आणि तुम्हालाही तेच घ्या म्हणेन.

९.३ वाईट नाही हो, मोठ्या डुकराला एकदम भारी, पण तिची नेहमीची गोळी १८.५ ग्रामची आणि ८ ची साधारण १२.७, आणि हलक्या रायफलीत हा फरक खांद्याला लगेच कळतो. पहिली गोळी सुटली की नळ्या वर उडतात, त्या परत नेमावर येईपर्यंत डुक्कर वाट ओलांडून झाडीत, मग दुसऱ्या नळीचा उपयोग काय? माझी दुसरी गोळी नेहमी मागेच लागायची. एकदा जखमी डुकराच्या मागावर अंधार पडेपर्यंत कुत्रं घेऊन फिरावं लागलं, फार वाईट वाटलं, तेव्हाच बदलली. इथल्या कायद्याला डुकरासाठी किमान ६.५ मिमी आणि १०० मीटरवर २००० जूल लागतात, ८×५७ त्यात आरामात बसतं. आपल्याकडच्या शिकारकथांमधली .४७० ची मोठी डबल रायफल डोक्यात असेल तर ती काढून टाका, त्या रायफली साडेचार-पाच किलोच्या असायच्या.

.३०-०६ या काडतुसाची रायफल स्वस्त मिळते म्हणून मोह होईल, पण त्या काडतुसाला रिम, म्हणजे बुडाशी बाहेर आलेली कड, नाही. रिम असली की इजेक्टर (रिकामी केस बाहेर फेकणारा भाग) केस घट्ट धरतो, नसेल तर छोट्या स्प्रिंगवाल्या खटक्यावर सगळं अवलंबून.

जुनी रायफल घेत असाल तर नळीवरचा ठसा नक्की वाचा!! नुसतं आयआर असेल तर गोळी .३१८ इंचाची, आयआरएसची .३२३, जाड गोळी बारीक नळीत मारणं जिवावर बेतू शकतं.

आणि दोन्ही नळ्या एकाच जागी मारतील अशा एकाच ठरावीक काडतुसावर जुळवलेल्या असतात. गोळी त्यापेक्षा हळू असेल तर ती नळीत जास्त वेळ राहते, तेवढ्यात धक्क्याने उजवी नळी उजवीकडे आणि डावी डावीकडे सरकते आणि मार फाकतो, जास्त वेगवान असेल तर उलटं, एकमेकांना छेदून जातात. म्हणून कुठल्या काडतुसावर जुळवलीय ते विकणाऱ्याकडून लिहून घ्या, सांगता येत नसेल तर ५० मीटरवर दोन्ही नळ्या मारून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.