आय गोड, आय बायड

मी समुपदेशन करते. जून सरता सरता माझ्याकडे एक ठरावीक तक्रार यायला लागते. शाळा सुरू होऊन पहिली पालकसभा झालेली असते. समोरची बाई आधी झोप लागत नाही म्हणते, मग चिडचिड होते म्हणते. पाऊण तास संपत आला की पर्सची चेन लावता लावता म्हणते, "आणि मॅडम, ते इंग्रजीचं पण जरा..." पुरुषांकडून तेच इंटरव्ह्यूच्या किंवा साहेबांच्या मीटिंगच्या वाटेनं येतं. थोडं खोदलं की सगळे एकाच जागी येऊन थांबतात. समजतं सगळं, शब्दही येतात, पण टेन्स चुकतो. वर्तमानकाळ की भूतकाळ, तिथेच जीभ अडते आणि मग माणूस बोलणंच सोडून देतो.

पूर्वी मी सरळ सांगायचे, क्लास लावा. दादर स्टेशनबाहेर अशा क्लासच्या पाट्यांना तोटा नाही. लोक जायचे, दोन महिन्यांत सोडायचे आणि 'आपल्याला तेही जमलं नाही' हे वरचं ओझं घेऊन परत माझ्याचकडे यायचे. मी इंग्रजीची शिक्षिका नाही, त्यामुळे व्याकरण हा आपला प्रांत नव्हे असंच बरीच वर्षं धरून चालले होते. ते चूक होतं हे मला एका ताईंनी शिकवलं. त्यांच्या परवानगीनं आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

ताई एकेचाळीस वर्षांच्या, राहायला लालबागला. वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ती गिरणी पुन्हा धड चाललीच नाही. ताईंचं शिक्षण मराठी माध्यमात झालं. तेव्हा आपल्याकडे मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं, पहिलीपासून ते २००० साली आलं. म्हणजे आज चाळिशीत असलेल्या माणसाला एबीसीडी दहाव्या-अकराव्या वर्षी भेटली. हे मी सगळ्यांना मुद्दाम सांगते, कारण प्रत्येकाला वाटत असतं की मागे राहिलो ते आपण एकटेच.

ताई एका पतपेढीत कॅशियर. हिशेबात एका पैशाची चूक नाही. मुलगी आठवीत, इंग्रजी माध्यमात. पालकसभेत वर्गशिक्षिकेनं विचारलं, गुरुवारी ही का आली नव्हती? ताई म्हणाल्या, "शी डिडन्ट केम. शी हॅव फीवर." बाईंनी हसून, सावकाश, बाकीच्या पालकांसमोर दुरुस्ती केली, "शी डिडन्ट कम." जिना उतरताना मुलगी म्हणाली, "मम्मी, पुढच्या वेळी पप्पांना पाठव."

या गोष्टीला तीन आठवडे झाले होते. दरम्यान पतपेढीच्या मुख्य कार्यालयात बदली, म्हणजे खरं तर बढती, चालून आली होती. तिथे ईमेल इंग्रजीत लिहावे लागतात म्हणून ताईंनी ती नाकारली होती. घरी सांगितलंसुद्धा नव्हतं.

माझी बैठक अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची. न्यूयॉर्कच्या या मानसोपचारतज्ज्ञानं १९५५ च्या सुमारास एक साधी गोष्ट लावून धरली. आपल्याला प्रसंग जितका छळतो त्याहून जास्त त्या प्रसंगाबद्दल आपण मनात जे बोलतो ते छळतं. म्हणून मी लोकांना त्यांचं मनातलं वाक्य शब्दशः लिहायला लावते. ताईंनी दोन वाक्यं लिहिली. 'मी चुकले.' आणि खाली, 'मी अडाणी आहे.'

"ताई, यातलं भूतकाळी कुठलं?"

"पहिलं."

"आणि दुसरं?"

"वर्तमानकाळ. साधा वर्तमानकाळ." शाळेतली हुशार मुलगी होती ती, लगेच उत्तर आलं.

"साध्या वर्तमानकाळाचं शाळेत उदाहरण काय असायचं?"

"सूर्य पूर्वेला उगवतो."

"का बरं तेच?"

"जे कायमचं खरं असतं ते..." आणि त्या थांबल्या. कागदाकडे बघत राहिल्या. पालकसभेतल्या एका चुकीला त्यांनी सूर्याच्या रांगेत नेऊन बसवलं होतं. इंग्रजीत त्यांचा काळ चुकला तो एक-दोन शब्दांपुरता. खरा काळ चुकला होता या मराठी वाक्यात. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक माणसाची हीच गत असते, इंग्रजीची भानगड असो की संसाराची. घडून गेलेली गोष्ट 'आहे' मध्ये लिहायची आणि मग आयुष्यभर वाचत बसायची. हे मला माहीत होतं, पण क्रियापदाच्या रूपात इतकं स्वच्छ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. थोडा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. पुढच्या भेटीत ताई पुन्हा तिथेच. "ते सगळं पटतं मॅडम, पण मला येत नाही हे तरी खरं ना? आपल्या डोक्यात ते बसायचंच नाही."

मी विषय बदलला. रविवारी पाहुणे आले होते म्हणालात, काय केलंत?

"काय नाही हो, साधंच. भात केला, आमटी केली, थालीपीठ केलं सासूबाईंसाठी, सकाळी पोहे केले होते, आणि चकल्या केल्या होत्या त्या दिल्या."

मी कागदावर लिहीत होते. केला, केली, केलं, केले, केल्या. कागद त्यांच्यापुढे सरकवला. "ही पाच रूपं तुम्ही एका दमात बोललात. भाताला केला आणि आमटीला केली, हे कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? भात तो, आमटी ती."

"आता इंग्रजीत सांगा. पाचही."

"भाताला... मेड. आमटीला..." त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. "मेडच ना?"

"मेडच."

"पोह्यांना?"

"मेड."

"चकल्यांनापण? सगळ्याला मेडच?" खालून लोकल गेली, खिडकी थरथरली, ती थांबेपर्यंत त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मग आपलंच कठीण आहे की हो!"

हो, आपलंच कठीण आहे. मराठीत 'मी' केलं की 'तिनं' केलं याकडे क्रियापद ढुंकूनही पाहत नाही, ते कर्माच्या मागे जातं. परत हे 'करण्या'चं. 'जाण्या'चं आलं की ते कर्त्याकडे वळतं, बाई असेल तर 'मी गेले', पुरुष असेल तर 'मी गेलो'. इंग्रजीत बाई, पुरुष, भात, आमटी, सगळ्यांना एकच रूप. वर्तमानकाळाचंही तसंच. आपल्याकडे जातो, जाते, जातोस, जातेस, जाता, जातात. त्यांच्याकडे गो आणि गोज, संपलं. 'गो'चं 'वेन्ट' कुठून झालं म्हणून लोक वैतागतात. पण 'जा'चं 'गेला' कुठून झालं? 'जाला' का नाही? माझा भाचा लहानपणी 'मी करलं' म्हणायचा, 'केलं' नाही. इंग्रज मुलंही लहानपणी 'वेन्ट' सोडून नियमात बसणारं 'आय गोड' म्हणतात. तिकडे त्याला कुणी अडाणी म्हणत नाही, भाषा शिकतंय म्हणतात. ('आय गोड' ऐकून ताई इतक्या हसल्या की मलाच दुसरं पाणी आणावं लागलं.)

त्यानंतर ताईंच्या चुका आम्ही गुन्ह्यासारख्या नव्हे, पुराव्यासारख्या पाहू लागलो. एकदा बोलता बोलता फोन वाजला, यजमानांचा. "निघालेच!" असं सांगून ताईंनी फोन ठेवला आणि खुर्चीत आणखी रेलून बसल्या.

"निघालात? मला तर अजून दिसताय."

त्यांना आधी कळेना, मग कळलं. स्वयंपाकघरातून आपण 'आलेच!' ओरडतो तेव्हा हातात लाटणं असतं. आत्ता लगेच होणाऱ्या गोष्टीला मराठी सर्रास भूतकाळ वापरते. म्हणून तर त्या साहेबांना फोनवर 'आय केम इन फाइव्ह मिनिट्स' म्हणाल्या होत्या आणि साहेब गोंधळले होते. इंग्रजीला तिथे 'आय अ‍ॅम कमिंग' लागतं. चूक खरी, पण ती अडाणीपणातून आलेली नाही. मराठीचा एक बारीक नियम त्यांनी इमानदारीनं तिकडे नेला होता. 'आय अ‍ॅम नोइंग' म्हणणाऱ्यांचंही हेच, 'मला माहीत आहे' मधला 'आहे' तिकडे डोकावतो.

आणि ते पालकसभेतलं 'डिडन्ट केम'? आपण 'आली नाही' म्हणतो, भूतकाळ क्रियापदावरच राहतो, 'नाही' नुसतं शेजारी येऊन बसतं. इंग्रजीत नकार किंवा प्रश्न आला की भूतकाळ 'डिड' उचलतो, क्रियापद मोकळं होतं. मी हे तीन तऱ्हांनी समजावलं, तिन्ही फसल्या. मग ताईच म्हणाल्या, "म्हणजे एकाच रकमेची दोनदा नोंद करायची नाही. भूतकाळ डिडच्या नावे पडला, परत केमच्या नावे कसा टाकणार? हिशेब जुळणार नाही." इतकं नेमकं मला कधी सुचलं नसतं. 'डझ'लाही तोच नियम, हेही त्यांनीच सांगितलं. 'शी डझन्ट गोज' नाही. 'एस' 'डझ'नं आधीच घेतला. तेव्हापासून मी हे उदाहरण सगळ्यांना देते, कुणाचं ते न सांगता.

तरी भीती व्याकरणानं जात नाही. एलिस त्यांच्याकडे उपचाराला येणाऱ्यांना न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत स्टेशनांची नावं मोठ्यानं ओरडायला पाठवायचे. लोक बघतात, बघून आपापल्या कामाला लागतात, आणि लाजेनं कुणी मरत नाही हे अंगात भिनतं. आपल्या लोकलमध्ये स्टेशनं लाउडस्पीकरच ओरडतो, म्हणून मी ताईंना लोअर परळच्या मॉलमध्ये पाठवलं. जिथे गिरण्या होत्या तिथेच. अट एक: कुर्ता बदलून घ्यायचा आणि वाक्य मुद्दाम चुकवायचं.

"यस्टरडे आय बायड धिस," ताई काउंटरवर म्हणाल्या. छाती धडधडत होती. काउंटरवरच्या मुलीनं बिल मागितलं, कुर्ता उलटून पाहिला आणि म्हणाली, "ताई, मोठा साइज हवाय का?" मराठीत! ताई मला सांगताना जवळजवळ नाराज होत्या. "मॅडम, एवढी तयारी करून गेले, तिनं ऐकलंसुद्धा नाही."

मुलीशी मी एकदाच बोलले. तिचं म्हणणं साधं होतं: "मला मम्मीची लाज नाही वाटत. मिस ज्या हसतात ना, त्याची वाटते." हे ताईंना तिनं माझ्यासमोर सांगितलं. मग मी ताईंना विचारलं, हिचं मराठी चुकतं का कधी? "चुकतं की. 'ते पुस्तक पडला' म्हणते." मग तुम्ही काय करता? "काय करायचं, 'पडलं का?' असं बरोबर बोलून दाखवते." हिला अडाणी म्हणता? "अहो, लेकरू आहे, शिकेल." एवढं बोलून त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मी काहीच म्हटलं नाही. अशा वेळी गप्प बसणं मला अजूनही जड जातं.

ज्या ताई-दादांना हीच चिंता आहे त्यांना माझं सांगणं असं. 'मला इंग्रजी येत नाही' हे वाक्य आधी मोडा. त्यातून करायला काही हाती लागत नाही. 'मला पंचवीस क्रियापदांची भूतकाळी रूपं येत नाहीत' म्हणा. हे काम आहे, मोजता येतं, संपवता येतं. रोजच्या वापरातली बरीचशी क्रियापदंच वेडीवाकडी असतात (गो, कम, ईट, गिव्ह, टेक, से), म्हणून यादी त्यांचीच करा, जाडं पुस्तक आणू नका. रात्री दिवसाचा जमाखर्च सांगावा तशी पाच वाक्यं मोठ्यानं बोला: काय केलं, कुठे गेले, कोण भेटलं. 'काल' हा शब्द वाक्यात घातला की भूतकाळ आपोआप आठवतो. मध्येच टोकणाऱ्याला सांगा, वाक्य पुरं होऊ दे, मग सांग. आणि चुकलात तर मनात 'मी चुकले' एवढंच लिहा. त्याखाली दुसरी ओळ नको. इंग्रजी यावं म्हणून घरातली मराठी मात्र बंद करू नका. या गोष्टीत ताईंना तारलं ते त्यांच्या मराठीनंच.

सातव्या भेटीला ताईंनी पतपेढीची जुनी वही आणली होती. मधोमध रेघ, डावीकडे 'जमा' मथळ्याखाली आलेली क्रियापदं, तारखेसकट: वेन्ट, केम, मेड, गेव्ह, टुक. उजवीकडे मथळा होता 'येणे बाकी'. पंचवीसपैकी उजवीकडे दोनच उरली होती, ब्रिंग आणि बाय. एकाचं ब्रॉट, एकाचं बॉट, त्यांची सारखी अदलाबदल व्हायची.

मुख्य कार्यालयातली जागा अजून भरलेली नव्हती. अर्ज दिलात का, मी विचारलं.

"काल दिला," त्या म्हणाल्या आणि वही मिटली. "ही दोन मार्च एंडिंगच्या आत वसूल करते, मॅडम."