ताईंना विचारा

प्रश्न: आमच्या वाड्यावर एका घरातून रात्री मारहाणीचे आवाज येतात. आमचा बचतगट २५ नोव्हेंबरला, महिलांवरील हिंसाचाराविरुद्धच्या दिवशी, कार्यक्रम करणार आहे, पण पुरुष म्हणतात, "घरातलं घरातच राहू दे." काय करावं?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: बाई, आवाज वाड्यावर पोचला म्हणजे तो घरातला राहिलाच नाही! २००८ साली घरातल्या मारहाणीविरुद्धच्या 'बेल बजाओ' मोहिमेने सांगितलं ते हेच: दार वाजवा. निमित्त काहीही चालतं. माझी आई विरजण मागायला जायची. आमच्या घरी रोज दही लागायचं, तरी तिला विरजण कधी पुरलंच नाही! मात्र एकटी जाऊ नका, दोघीतिघी जा. जिवावर बेतेल असं वाटलं तर ११२ लावा. सल्ल्यासाठी महिला हेल्पलाइन १८१ आहे.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याप्रमाणे, त्यासाठी सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही कळवू शकतं, शेजारीणसुद्धा. प्रामाणिकपणे कळवणारीवर कसली जबाबदारी येत नाही. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी मार खाणारीला त्यात राहायचा हक्क आहे. हे तिला एकटीला गाठून सांगा, त्याच्यासमोर नको. तक्रार करायची की नाही, ते तिला ठरवू द्या.

कार्यक्रमात भाषणं कमी ठेवा. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये १९६० साली याच तारखेला हुकूमशहाविरुद्ध लढणाऱ्या मिराबाल भगिनींची हत्या झाली, म्हणून हा दिवस पाळतात, एवढं सांगा नि फुगडीला उभ्या राहा. पौषात धालोंच्या, म्हणजे बायकांच्या नाचगाण्यांच्या, मांडावर तुम्ही जमताच. तिथे पुरुष नसतात, बायका मोकळ्या बोलतात. त्या घरातली सूनही येईल. तिच्या शेजारी बसा.