रविवारी न दुखणारं डोकं

शाळेच्या दिवशी डोकं दुखतं आणि सुट्टीच्या दिवशी मूल ठणठणीत. ही तक्रार घेऊन येणाऱ्या पालकांच्या मनात एकच प्रश्न असतो, तो विचारायला मात्र त्यांना संकोच वाटतो: आमचं मूल नाटक करतंय का? ओजसच्या आईनं तो खुर्चीत बसता बसताच विचारला. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.)

ओजस पाचवीत. ठाण्यातल्या एका नावाजलेल्या शाळेत त्याच वर्षी प्रवेश मिळाला होता. चकचकीत इमारत, प्रत्येक वर्गात एसी, फीही त्याच मापाची. जूनच्या अखेरीपासून शाळेतून फोन यायला लागले, डोकं दुखतंय, मळमळतंय, येऊन घेऊन जा. घरी आल्यावर तासा-दीड तासात पठ्ठ्या सायकल घेऊन खाली. बाबांनी याला ‘सोमवारचा आजार’ असं नाव ठेवलं होतं. आजीचं म्हणणं, जुने मित्र तुटले, पोराचा जीव रमत नाही. बालरोगतज्ज्ञांनी तपासलं होतं, चष्म्याचा नंबर नव्हता, रक्ताचे रिपोर्ट ठीक होते. शिंका आणि चोंदलेलं नाक होतं, पण पावसाळ्यात त्याकडे कोण बघतं! शेवटी शाळेनंच चिठ्ठी पाठवली की मुलाला समुपदेशनाची गरज आहे.

आजीचं निदान हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. शाळा बदललेल्या मुलांची भीती पुष्कळदा डोक्यातून नाहीतर पोटातून बोलते. ते दुखणं खरंच असतं. मनातून आलं म्हणजे खोटं, असं नसतं. पण भीतीच्याही वेळा ठरलेल्या असतात. ती आदल्या रात्री कुरकुरायला लागते, सकाळी दप्तर भरताना वाढते, गेटपाशी कळसाला पोचते. एकदा वर्गात रुळलं की बऱ्याच मुलांची ती ओसरते. ओजसचं उलटं होतं. सकाळी तो खुशीत बसमध्ये चढायचा. डोकं धरायचा तो तिसऱ्या-चौथ्या तासानंतर.

म्हणून आईला एक साधी वही करायला सांगितली. डोकं कधी दुखायला लागलं, तेव्हा तो कुठल्या खोलीत होता, त्याआधी पीटी किंवा मैदान होतं का, पाणी किती प्यायला, डबा संपवला का, आणि घरी आल्यावर किती वेळात थांबलं. कारण विचारायचं नाही, समजवायचं नाही, फक्त लिहायचं. (बाबांना हे फारसं पसंत नव्हतं. दुखण्याला इतका भाव दिला तर ते वाढेल, असं त्यांचं मत. त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही, म्हणूनच वहीला मुदत घालून दिली होती.)

वहीत दोन गोष्टी उठून दिसल्या. पीटी आणि चित्रकला एकापाठोपाठ असायच्या, म्हणजे वर्गाबाहेरच जास्त वेळ जायचा, त्या दिवशी डोकं शांत. आणि घटक चाचणीचा अख्खा आठवडा कोरा! चाचणी तळमजल्यावरच्या मोठ्या हॉलमध्ये झाली होती, पंखे आणि उघड्या खिडक्यांत. अभ्यासाची किंवा शाळेची धास्ती असती, तर सगळ्यात जास्त दुखायला हवं होतं ते त्याच आठवड्यात.

मग ओजसला वर्गाचं चित्र काढायला लावलं. सगळ्यात वरचा मजला, डोक्यावर गच्ची, बाक शेवटचा, मागे भिंतीला लागून पुस्तकांचं कपाट. खिडक्यांवर त्यानं फुल्या मारल्या. “एसी असतो ना, म्हणून उघडायच्या नाहीत.” भिंतीवर त्यानं काळे ठिपके काढले. हे काय, विचारल्यावर म्हणाला, “तिथे ओल आहे. तिथे आमच्या माळ्यावरच्या जुन्या छत्रीसारखा वास येतो. पण सगळे म्हणतात, येत नाही.” सारखा तिथे बसणाऱ्याचं नाक सरावतं; तो या वर्षीच आला होता.

इथे थोडं एसीबद्दल बोलायला हवं, कारण पालक शाळा बघायला जातात तेव्हा एसी दिसला की त्यांचं समाधान होतं. भिंतीवरचा नेहमीचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा आत ओढून गार करून परत सोडतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत साधारण ४२० असतो. २० बाय २५ फुटांच्या बंद खोलीत ४८ मुलं श्वास घेत बसली, तर अर्ध्या तासाच्या आसपास तो आकडा २,००० च्या पुढे जाऊ शकतो. इतक्यानं विषबाधा होत नाही, पण एकमेकांनी सोडलेली हवा सगळे पुन्हा पुन्हा आत घेतायत, हे त्यावरून कळतं. जडपणा, पेंग, डोकं गच्च होणं अशा तक्रारी अशाच खोल्यांत येतात. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच १,००० ही चांगल्या हवेची मर्यादा सुचवली होती. म्हणजे माहिती नवी नाही, खिडक्याच नव्यानं बंद झाल्या आहेत. ओलीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. ओल आणि बुरशी असलेल्या जागेत श्वसनाच्या तक्रारी आणि दमा बळावण्याचा धोका वाढतो, हे त्यात स्पष्ट म्हटलंय.

इमारतीमुळे होणाऱ्या अशा त्रासाला ‘सिक बिल्डिंग सिंड्रोम’ म्हणतात, आणि इमारतीबाहेर पडल्यावर बरं वाटणं ही त्याची मुख्य खूण. घरी आल्यावर सायकल खेळतो, हाच ओजसविरुद्धचा पुरावा धरला जात होता!

मुख्याध्यापिकांशी बोलायला आई-बाबा दोघं गेले. “बाकीच्या ४७ मुलांना काही होत नाही,” हे उत्तर अपेक्षितच होतं. मी आईला आधीच सांगून ठेवलं होतं, शाळेवर आरोप करायचा नाही, वही दाखवायची आणि वर्ग बघू द्या एवढीच विनंती करायची. अ‍ॅलर्जीची प्रवृत्ती असलेल्या मुलाला जे लवकर बाधतं, ते शेजारच्याला बाधेलच असं नाही. शिवाय वर्गातल्या आणखी काही पालकांनी विचारल्यावर सांगितलं की त्यांचीही मुलं दुपारी पेंगतात, नाक चोंदून येतात. एका पालकांच्या कंपनीत हवा मोजायचं छोटं यंत्र होतं. मधल्या सुट्टीनंतर वर्गात ते ठेवलं, तर आकडा २,००० ओलांडून गेला. मग मात्र शाळेचा सूर बदलला. कपाट हलवल्यावर मागे भिंतीचे पोपडे आणि हातभर पसरलेली बुरशी निघाली.

ठरलं ते असं. दर तासाच्या शेवटी दारं-खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या, मधल्या सुट्टीत पूर्ण वेळ. एसीच्या जाळ्या धुवायच्या. ओजसचा बाक खिडकीजवळ. गच्चीचं वॉटरप्रूफिंग पाऊस गेल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत. बुरशीवर नुसता रंग मारायचा नाही, आधी गळती थांबवायची, यावर बाबा अडून बसले. वर्गात मुलं असताना रंगकामही करायचं नाही, हेही त्यांनी लिहून घेतलं. डॉक्टरांनी नाकाच्या अ‍ॅलर्जीचं औषध सुरू केलं.

वही घरी करायची असेल तर जरूर करा, पण डोकेदुखीनं मूल झोपेतून जागं होत असेल, सकाळी उठल्या उठल्या उलट्या होत असतील, दिसण्यात किंवा चालण्यात फरक पडला असेल, तर वहीत वेळ घालवू नका, लगेच डॉक्टर गाठा.

ओजसचे फोन बाक बदलल्यावर कमी झाले आणि दिवाळीनंतर जवळजवळ थांबले. जवळजवळच, कारण डिसेंबरात पुन्हा एकदा डोकं दुखलं. यावेळी सकाळी, घरीच, दप्तर भरताना. त्या दिवशी मराठीच्या तासाला सगळ्यांसमोर कविता म्हणायची होती. आईनं फोनवर विचारलं, “आता हे काय?” हे मात्र आजी म्हणत होत्या तेच. त्यासाठी तो दर शनिवारी माझ्याकडे येतो आणि सध्या आम्ही दोन कडव्यांपर्यंत पोचलोय.