बी.एस्सी.च्या एकाच पदवीत गणित आणि अर्थशास्त्र, दोन्ही मेजर घेता येतात का?

तुम्ही पुण्यात एफवायला आहात, आणि गणिताच्या जोडीला अर्थशास्त्र नुसतं मायनर (दुय्यम विषय) न राहता मेजर (मुख्य विषय) व्हावं असं तुम्हाला वाटतं. यूजीसीच्या नियमात ते बसतं. अडतं ते कॉलेजच्या टाइमटेबलात.

आधी एक घोळ मिटवू. एकाच वेळी दोन पदव्या करायची मुभा यूजीसीने २०२२ मध्ये दिली, ती गोष्ट वेगळी. तिथे प्रवेश दोन, फी दोन, पदव्याही दोन. डबल मेजरमध्ये पदवी एकच. डिसेंबर २०२२ च्या आराखड्याप्रमाणे दुसऱ्या विषयात एकूण क्रेडिटच्या किमान ४० टक्के क्रेडिट मिळवावे लागतात : १२० च्या तीन वर्षांच्या पदवीत ४८, १६० च्या चार वर्षांच्या पदवीत ६४. तुमच्या कॉलेजची रचना १३२ क्रेडिटची असेल तर ५३ धरा.

आता खरा हिशेब. त्याच आराखड्यात तीन वर्षांसाठी मेजरला ६० आणि मायनरला २४ क्रेडिट आहेत. उरलेले भाषा, कौशल्य, मूल्यशिक्षण, इंटर्नशिप यांत जातात आणि ते सुटत नाहीत. म्हणजे मायनरच्या जागी अर्थशास्त्र घेतलंत तरी ४८ ला २४ कमी पडतात. सहा सत्रांत वाटले तर दर सत्राला ४ जादा. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, तेव्हा आठवड्याला साधारण चार तास वाढले. ऐकायला फार नाही, पण सत्राला २०–२२ क्रेडिट आधीच असतात, आणि हे चार तास नेमके गणिताच्या प्रॅक्टिकलवर आले की सगळं फिसकटतं. पहिल्या वर्षी सुरुवात केली नाही तर उरलेल्या चार सत्रांत सत्रामागे सहा होतात. हजेरीची ७५ टक्क्यांची अट आहेच.

बऱ्याच जणांची चूक होते ती ओपन इलेक्टिव्हमध्ये, म्हणजे ‘ओई’ या खुल्या निवडीच्या पेपरात. महाराष्ट्रात ओई दुसऱ्या विद्याशाखेतूनच घ्यावं लागतं, म्हणून लोक अर्थशास्त्राचा पेपर घेतात आणि तो मेजरमध्ये धरला जाईल असं समजतात. ते क्रेडिट ओईच्याच रकान्यात राहतात.

विचारायचं कुठे? प्रवेशाच्या खिडकीवर नको, तिथे ‘चालतं हो’ असं तोंडी उत्तर मिळतं. कॉलेजच्या वेबसाइटवरून दोन्ही विषयांचा क्रेडिटचा तक्ता काढा, शेजारी शेजारी मांडा, मग दोन्ही विभागप्रमुखांना आणि परीक्षा विभागाला लेखी विचारा : जादा क्रेडिट नोंदवता येतात का, फी किती, आणि पदवी प्रमाणपत्रावर दोन्ही मेजर छापले जातात का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. छापलं जाणार नसेल तर ते मायनरच, फक्त जास्त कष्टाचं. स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम स्वतः ठरवतं, तिथे वाट निघण्याची शक्यता जास्त. स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स घेणार असाल तर कॉलेजची मंजुरी नोंदणीच्या आधी घ्या आणि क्रेडिट तुमच्या एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खात्यावर चढलेत का ते दर सत्राला बघा.

माझं मत विचाराल तर अर्थशास्त्रात एमएस्सी करायची म्हणून डबल मेजरचा आटापिटा नको. जॅम या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेत अर्थशास्त्राच्या पेपरात सूक्ष्म-स्थूल अर्थशास्त्राइतकीच संख्याशास्त्र आणि गणिताची तयारी लागते. गणित मेजर, अर्थशास्त्र मायनर आणि जमलं तर इकॉनोमेट्रिक्सचा (आर्थिक आकडेवारीच्या संख्याशास्त्राचा) एक पेपर, एवढ्यावर ती तयारी होते.