सातबारावर नुसते ‘अ.पा.क.’ लागले म्हणून बाग विकता येत नाही

प्रश्न : माझा धाकटा भाऊ आणि वहिनी दोघेही वारले. त्यांची दहा वर्षांची मुलगी देवगड तालुक्यात माझ्याकडे राहते आणि इथल्याच शाळेत जाते. वाटणीत भावाला मिळालेली हापूसची बाग वारसनोंदीने तिच्या नावावर झाली असून, सातबारावर अ.पा.क. म्हणून मुंबईतल्या आमच्या थोरल्या भावाचे नाव लागले आहे. त्याला बाग विकायची आहे. मी अडवल्यावर त्याने बालकल्याण समितीकडे अर्ज केला आणि आता समितीचे पत्र आले आहे. मुलगी माझ्यापासून नेतील का? वकील करण्याची ऐपत नाही.
— एक आत्या

उत्तर : आधी बागेचे पाहू, कारण वादाचे मूळ तिथेच दिसते. अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता, ही महसुली नोंद आहे आणि वारस अज्ञान (म्हणजे अठरा वर्षांखालील) असल्यास ती सर्रास केली जाते. परंतु तिच्यामुळे विक्रीचा अधिकार मिळतो, हा गावोगावी रुजलेला समज चुकीचा आहे. तुमच्या कुटुंबाला हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ लागू होतो असे धरले, तर त्याच्या कलम ११ नुसार केवळ प्रत्यक्ष सांभाळ करतो एवढ्या कारणावरून कोणालाही अज्ञानाची मिळकत विकता येत नाही. सख्ख्या आईवडिलांनाही कलम ८ प्रमाणे त्यासाठी न्यायालयाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते, तिथे चुलत्याची काय कथा! मात्र वाटणीचा फेरफार, म्हणजे महसुली दप्तरातील बदलाची नोंद, झाला आहे ना, हे तलाठ्याकडे तपासून घ्या, कारण अविभक्त कुटुंबाच्या हिश्श्याला वेगळे नियम लागतात.

तथापि हाच न्याय तुम्हालाही लागू आहे. मुलगी तुमच्या घरी वाढत असली तरी कायद्याने तुम्ही अद्याप तिच्या पालक नाही. त्यासाठी पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली ओरोस येथील जिल्हा न्यायालयात अर्ज करा. मुलगी सामान्यतः जिथे राहते तिथलेच न्यायालय हा अर्ज चालवते, त्यामुळे भाऊ मुंबईत असल्याने काही अडत नाही. मुलीचा जन्मदाखला, दोन्ही मृत्यूदाखले, शाळेचा दाखला आणि सातबारा सोबत लागेल. निकालाला वेळ लागतो, म्हणून त्याच अर्जासोबत कलम १२ खाली मुलीचा तात्पुरता ताबा आणि मिळकतीचे संरक्षण मागायला विसरू नका. बागेची खरी ढाल हा अंतरिम आदेश आहे. नुसत्या हरकतीच्या अर्जावर विसंबून राहणे मला धोक्याचे वाटते.

समितीच्या पत्राने घाबरू नका, पण दिलेली तारीख चुकवू नका. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला जातो. समिती सामाजिक तपास अहवाल मागवते. त्यासाठी कोणी घरी आले, तर मुलगी झोपते कुठे, अभ्यास कुठे करते, आजारी पडल्यावर कोणाकडे नेता, असे साधेच प्रश्न विचारले जातील. मुलीशीही बोलतील, तिला उत्तरे पढवू नका, पढवलेले लगेच कळते. बागेच्या मालकीचा निवाडा समिती करत नाही, तेव्हा तिथे सातबाराचे भांडण नेऊन उपयोग नाही.

वकिलाच्या खर्चाची चिंता मात्र सोडा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. देवगडच्या न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे किंवा ओरोसच्या जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज द्या. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळेल.

यंदाचा मोसम तोंडावर असेल, तर आंब्याची झाडे कराराने देण्याआधी नेमलेल्या वकिलांना विचारा, करार एकाच हंगामाचा आणि लेखी ठेवा, पैसे मुलीच्या बँक खात्यात भरा आणि फवारणीपासून राखणदारीपर्यंतच्या खर्चाच्या पावत्या जपा, कारण पालक म्हणून नेमणूक झाल्यास न्यायालय हाच हिशोब तुमच्याकडे मागू शकते.