टाचणीची ओळख : रंगावर जाऊ नका

पावसाळा सरता सरता मराठवाड्यातून टाचण्यांचे, म्हणजे पाण्याकाठी उडणाऱ्या चतुरासारख्या बारीक कीटकांचे, फोटो येऊ लागतात. प्रश्न तेच, घोटाळाही तोच.

प्रश्न : चतुर आणि टाचणी यांत फरक काय? (जालना)
टाचणी काडीसारखी बारीक, डोळे डोक्याच्या दोन टोकांना लांब लांब. पंख मिटून बसते, पण काही जाती अर्धवट उघडे ठेवतात. म्हणून नुसत्या पंखांवर विसंबू नका.

प्रश्न : शेपटीला काटा दिसतो. डंख मारते का? (अंबाजोगाई)
नाही. तो मादीचा अंडी घालण्याचा अवयव.

प्रश्न : नाथसागराच्या काठी निळ्या, नारिंगी आणि मातकट अशा टाचण्या दिसल्या. मोबाइलवरच्या अ‍ॅपने तीन नावे दिली. खरे कोणते? (पैठण)
तिन्ही एकाच जातीच्या असू शकतात : इश्नुरा सेनेगालेन्सिस. नराची छाती हिरवट-निळी, त्यावर काळे पट्टे. शेपटीला उसासारखी पेरं असतात; ती वरून काळी आणि आठवे पेर निळेशार. पण ‘निळी म्हणजे नर’ हे ऐकीव ज्ञान सोडा. या जातीत मादीची दोन रूपे असतात. एक थेट नरासारखी रंगते. दुसरी कोवळी असताना नारिंगी, मग वयाबरोबर हिरवट-तपकिरी होते. अ‍ॅपला वय कळत नाही, ते नाव ठोकून देते आणि लोक लगेच ‘नवी जात सापडली’ म्हणून ग्रुपवर टाकतात! शेपटी पिवळी आणि टोक निळे असेल, तर तो बहुधा इश्नुरा रुबिलिओचा नर. मादीसाठी जोडी शोधा : नर शेपटीच्या टोकाने जिची मान धरतो ती बहुधा त्याच्याच जातीची. एकटी नारिंगी मादी दिसली तर वहीत ‘इश्नुरा, मादी’ एवढेच लिहा. वरून आणि बाजूने असे दोन्ही फोटो काढून जवळच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा. भिंगाशिवाय खात्रीने सांगणाऱ्यावर विश्वास नको.

प्रश्न : मेलेली टाचणी डबीत ठेवली होती, काळी पडली. आता ओळखाल का? (लातूर)
रंग मेल्यावर लवकर उडतो. जिवंतपणी फोटो का नाही काढला? तरी डबी फेकू नका. नर असेल तर शेपटीच्या टोकाचे आकड्यांसारखे अवयव तपासता येतात.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, हे औषध मित्रकीटकांना काही करत नाही. शेततळ्याच्या कडेला फवारू का? (परभणी)
त्याला माल खपवायचा आहे. टाचणीची पिल्ले पाण्यात वाढतात, डासांच्या अळ्या खातात; औषध पाण्यात उतरले की तीही जातात. डब्यावरचा मजकूर वाचा, आणि फवारणीआधी कृषी विज्ञान केंद्रात विचारा.