पुण्यातल्या कॉलेजात आदिवासी भाषेचा पेपर सुरू करायचा आहे. गोंडी घ्यावी की वारली? पाठ्यपुस्तक कुठे मिळेल?

तुम्ही ओपन इलेक्टिव्ह म्हणून 'आदिवासी भाषा व संस्कृती' असा पेपर आणू पाहताय, भाषा ठरत नाहीये आणि पुस्तक सापडत नाहीये. माझा सल्ला असा की क्रम उलटा करा. दर आठवड्याला वर्गात येऊ शकेल असा भाषक आधी शोधा. तो मिळाला की भाषा आपोआप ठरते. पुस्तकाचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो.

गोंडीचं नाव मोठं आहे. २०११ च्या जनगणनेत तिचे जवळपास तीस लाख भाषक नोंदले गेले. पण ती अनेक राज्यांत पसरलेली आहे आणि दर मुलखाची गोंडी वेगळी. गडचिरोलीचा भाषक आणि मध्य प्रदेशातल्या बैतुलचं व्याकरण अशी जोडी जमवली, तर पहिल्याच महिन्यात वर्गात वाद सुरू होतील. पुण्यात काय हाताशी आहे ते पाहा. आदिवासी वसतिगृहांत नंदुरबारकडची पावरी किंवा मावची बोलणारी, पालघरची वारली बोलणारी मुलं राहतात. मावळ-मुळशीत कातकरी आहेत, जुन्नर-आंबेगावात ठाकर आहेत. वसतिगृहातला विद्यार्थी सराव घ्यायला उत्तम. मुख्य शिक्षक मात्र मोठ्या वयाचा हवा, कारण गाणी, नात्यांची गुंतागुंत आणि रानातल्या वनस्पतींची नावं बहुधा त्याच पिढीकडे शाबूत असतात.

कातकरी किंवा वारली निवडलीत तर एक धोका आधीच ओळखून ठेवा. या भाषा मराठीच्या जवळच्या, त्यामुळे मुलांना त्या 'बिघडलेली मराठी' वाटतात. पहिल्या दोन तासांत क्रियापदाची रूपं फळ्यावर मांडून त्यांचे स्वतःचे नियम दाखवले नाहीत, तर हा समज सत्रभर जात नाही. कोरकू (मुंडा कुळातली) किंवा कोलामी (द्राविडी) या मराठीहून वेगळ्या कुळातल्या, त्यामुळे त्या घेतल्या तर ही अडचण येत नाही. कोरकूत एक, दोन आणि अनेक अशी तीन वचनं आहेत. 'कोरकू' या नावातच 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय आहे: कोरो म्हणजे माणूस, कोरकू म्हणजे माणसं. गोंडी-कोलामीत एकवचनी क्रियापद पुरुषासाठी एक आणि बाकी सगळ्यांसाठी दुसरं, म्हणजे बाई, बैल आणि दगड एकाच रूपात. यावरून 'तिथे बाईला वस्तू मानतात' असा निष्कर्ष कुणीतरी काढतंच. त्याच तासाला सांगा की तेलुगूतही हेच आहे. व्याकरणातल्या लिंगावरून समाजातलं स्थान काढता येत नाही.

आता नेमणूक. बहुतेक प्रस्ताव इथेच अडतात. तासिका तत्त्वावर घ्यायचं म्हटलं तरी नेट-सेट या प्राध्यापकांच्या पात्रता परीक्षा विचारतात. नेटमध्ये संताळी, बोडो आणि 'आदिवासी व प्रादेशिक भाषा/साहित्य' हे विषय आहेत. पण तुम्हाला हव्या असलेल्या पंचावन्न वर्षांच्या बाईंकडे पदवी नसणार. यूजीसीच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' हे पद आहे. तिथे किमान पंधरा वर्षांचा अनुभव धरतात, औपचारिक पदवीची सक्ती नाही. २०२३ मध्ये निवासी कलाकारांसाठीही वेगळी तत्त्वं आली. प्रस्तावात या दोन्हींचा उल्लेख करा. वेळापत्रकात दोन नावं छापा, भाषक आणि भाषावैज्ञानिक, आणि दोघांना तासाचा दर सारखाच ठेवा. प्रवास आणि राहण्याचा खर्च वेगळा धरा. शाल-श्रीफळ हे मानधन नव्हे. भाषक 'पाहुणा' राहिला की दोन-तीन फेऱ्यांनंतर येणं बंद होतं, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

भाषावैज्ञानिकासाठी डेक्कन कॉलेजकडे विचारा. डॉ. अ. मा. घाटगे यांच्या बोली-सर्वेक्षणात ठाण्याच्या वारलीचा स्वतंत्र भाग आहे. क्वीन्स गार्डनमधल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय संस्कृतीच्या तासांसाठी चांगलं. मात्र तिथे भाषकाला सोबत घेऊन जा. वस्तूंची नावं त्याच्या तोंडून ऐका.

तासांचा हिशोब असा: एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास व्याख्यान किंवा तीस तास प्रात्यक्षिक. नुसत्या दोन क्रेडिटच्या तीस तासांत भाषा बोलता येणार नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. मिळाले तर दोन क्रेडिट व्याख्यानाचे आणि दोन प्रात्यक्षिकाचे घ्या, म्हणजे नव्वद तास होतात. त्यातले निम्म्याहून जास्त निव्वळ बोलण्याला द्या.

बोलण्याच्या तासात मराठी बंद ठेवा. माओरी भाषेसाठी न्यूझीलंडमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस 'ते आताआरांगी' ही पद्धत उभी राहिली. तिच्यात रंगीत कांड्या टेबलावर ठेवून 'ही लाल, ही लांब, ती मला दे' इथपासून वाक्यं उभी करतात, भाषांतर अजिबात नाही. बांबूच्या कांड्या रंगवून हे पुण्यात शंभर रुपयांच्या आत जमतं. एका तासाला आठ-दहा नवे शब्द पुरे. वर्ग वीस जणांच्या वर गेला तर दोन तुकड्या करा, नाहीतर मागच्या बाकावरच्यांचं तोंडच उघडत नाही.

लिपीवर फार वेळ घालवू नका. गोंडीला मसराम आणि गुंजाला अशा दोन लिपी आहेत. युनिकोडमध्ये त्या अनुक्रमे २०१७ आणि २०१८ मध्ये आल्या. त्यांची ओळख एका तासात करून द्या आणि रोजचं काम देवनागरीत करा. फक्त कोलामीसारख्या भाषेत ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ असे दोन प्रकार असतात, तिथे ऱ्हस्वासाठी ऎ, ऒ वापरा. हा भेद लिहिला नाही तर वेगळे शब्द कागदावर एकच दिसू लागतात.

ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्हीमध्ये, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट असं करा. पंखा बंद, माइक तोंडापासून वीतभर. व्हॉट्सॅपवर पाठवलेली फाइल दाबली जाते आणि बारीक ध्वनी हरवतात, म्हणून मूळ फाइल कार्डावरूनच उतरवा. मुद्रण ऐकून लिहून काढण्यासाठी ईलान (ELAN) हे सॉफ्टवेअर मोफत आहे. एका मिनिटाच्या बोलण्याला नवख्याचा तासभर सहज जातो, गृहपाठ त्या मानाने द्या. परवानगी प्रत्येक मुद्रणाची वेगळी घ्या, त्यांच्याच भाषेत, आणि 'हे वर्गाबाहेर ऐकवायचं का' हा प्रश्न जरूर विचारा.

संस्कृतीचा भाग बहुतेक ठिकाणी वारली चित्रांच्या कार्यशाळेत संपतो. मला हे फार खुपतं. लग्नचौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढायचं चित्र, सुवासिनी काढतात, लग्न लावणारी धवलेरी गाते, चौकाच्या मध्ये पालघट देवी असते. चित्र, गाणं आणि विधी एकाच कामाचे भाग आहेत. चौक शिकवायचाच असेल तर त्यातल्या प्रत्येक आकृतीचं वारली नाव आणि गाण्याच्या चार ओळी आधी शिकवा. भाषक म्हणाला की हे गाणं लग्नाबाहेर गायचं नाही, तर अभ्यासक्रमातून ते काढा.

परीक्षेत किमान साठ टक्के गुण तोंडी ठेवा आणि ते भाषकाने द्यावेत. 'आदिवासी संस्कृतीवर टीप लिहा' असा प्रश्न ठेवलात तर मुलं गाइड पाठ करतील.

पुस्तकाचं म्हणाल तर ते पहिल्या तुकडीकडूनच तयार होतं: शे-दोनशे शब्द, वीस संवाद आणि दोन गोष्टी, सोबत ध्वनिफिती. छापण्याआधी कच्ची प्रत गावात नेऊन चार वेगवेगळ्या घरांतल्या माणसांकडून मोठ्याने वाचून घ्या. वाचता येत नसेल तर तुम्ही वाचा, ते अडवतील तिथे दुरुस्त करा. या तपासणीचं मानधनही पहिल्या वर्षाच्या अंदाजपत्रकातच धरा.